'हवाईजादा' : विमान, वेद आणि दुभंगलेला प्रेक्षक

विभू पुरी यांचा 'हवाईजादा' हा हिंदी चित्रपट ३० जानेवारी २०१५ रोजी प्रदर्शित झाला आणि तिकीटबारीवर पडला. पडलेल्या चित्रपटावर वैचारिक त्रैमासिकाने पाने खर्च करावीत असे एरवी काही कारण नसते. परंतु या चित्रपटाच्या निमित्ताने प्रेक्षकांमध्ये जी फूट दिसली ती चित्रपटापेक्षा मोठी होती आणि ती अजून बुजलेली नाही. शिवकर बापूजी तळपदे या मुंबईच्या पाठारे प्रभू गृहस्थाने १८९५ साली, म्हणजे राइट बंधूंच्या आठ वर्षे आधी, चौपाटीवर विमान उडवले, ही कथा भाषणांतून, स्नेहसंमेलनांतून आणि आता मोबाइलमधून सारखी फिरत असते. चित्रपट विसरला गेला, कथा मात्र त्याच्यावर स्वार होऊन पुढे गेली. म्हणून या चित्रपटाचा आणि त्याहून अधिक त्याच्या प्रेक्षकाचा विचार करणे भाग आहे.

ज्या महिन्यात तो आला तो महिनाही लक्षात घेतला पाहिजे. जानेवारी २०१५ च्या पहिल्या आठवड्यात मुंबई विद्यापीठाच्या कलिना परिसरात भारतीय विज्ञान काँग्रेसचे १०२ वे अधिवेशन भरले होते. तेथे संस्कृतातील प्राचीन विज्ञानाच्या चर्चासत्रात कॅप्टन आनंद बोडस आणि अमेय जाधव यांनी वैदिक विमानविद्येवर निबंध सादर केला. तो रद्द करावा अशी मागणी शास्त्रज्ञांनी आधीच केली होती. निबंध वाचला गेला, टाळ्याही पडल्या. त्यानंतर चारच आठवड्यांनी तीच गोष्ट गाण्यांसह पडद्यावर आली. विज्ञानाच्या व्यासपीठावर जे निबंध म्हणून मांडले गेले तेच चित्रपटगृहात करमणूक म्हणून मिळाले. निबंधाला प्रश्न विचारता येतात, करमणुकीला विचारले तर माणूस रसिक नाही असे ठरते.

आता चित्रपटाविषयी. नायक शिवी शाळेत नापास होणारा, उनाड, प्रेमळ तरुण आहे. त्याचे प्रेम सितारा या रंगमंचावर नाचणाऱ्या तरुणीवर आहे. जहाजात ग्रंथ मांडून राहणारे पंडित सुब्बराय शास्त्री त्याला शिष्य करून घेतात. वेदांत विमानाचे ज्ञान आहे, ते बाहेर काढायचे आहे, इंग्रजांचा विरोध आहे, आणि अखेरीस विमान उडते. आयुष्मान खुराना आणि मिथुन चक्रवर्ती यांच्या अभिनयाबद्दल तक्रार करण्यासारखे फारसे नाही. देखावे डोळ्यांना सुखवणारे आहेत, इतके सुखवणारे की ही १८९५ ची मुंबई आहे यावर विश्वास बसत नाही. गिरण्यांचा धूर नाही, गोदीतला हमाल नाही, चाळ नाही, भंगी-हलालखोर तर नाहीच. पुढच्याच वर्षी, १८९६ मध्ये, या शहरात प्लेग आला आणि हलालखोर शहर सोडून गेले तर काय, या धास्तीने नगरपालिकेची झोप उडाली. ज्यांच्यावाचून शहर एक दिवस चालत नव्हते ती माणसे या शहराच्या चित्रात मावत नाहीत. या चित्रपटाचे आधीचे नाव 'बंबई फेअरीटेल' असे होते. ते ठेवले असते तर निदान नावापुरता प्रामाणिकपणा राहिला असता.

समाजातील उच्चनीचता चित्रपटात एकदाच डोकावते, ती सिताराच्या पेशामुळे नायकाच्या घरातून होणाऱ्या विरोधात. तेवढ्या जागी दिग्दर्शकाला काही म्हणता आले असते. पण तो विरोध प्रेमकथेतली अडचण म्हणून येतो आणि विमानाच्या पंखाखाली नाहीसा होतो.

यावर प्रेक्षक दुभंगला. एका बाजूला भारावलेला प्रेक्षक होता. आमचा इतिहास इंग्रजांनी दडपला, आमचे श्रेय गोऱ्यांनी चोरले, आता कुठे सत्य बाहेर येत आहे, असे तो म्हणत होता. दुसऱ्या बाजूला चेष्टा करणारा प्रेक्षक होता. त्यात इंग्रजी वृत्तपत्रांचे समीक्षक होते, विज्ञान शिकलेले लोक होते आणि लांबलेल्या गाण्यांना कंटाळलेले साधे तिकीटवालेही होते. या दोघांमध्ये आपण कोठे उभे आहोत हा प्रश्न दलित प्रेक्षकाला टाळता येणार नाही. त्याआधी वस्तुस्थिती पाहू.

तळपदे ही कल्पित व्यक्ती नव्हे. त्यांचा जन्म १८६४ चा. आर्य समाजाच्या विचाराचा त्यांच्यावर प्रभाव होता, दयानंदांचे वेदभाष्य त्यांच्या अभ्यासात होते आणि 'मरुत्सखा' नावाचे यंत्र बांधण्याच्या खटपटीत ते होते. इथपर्यंत वाद नाही. वाद उड्डाणाचा आहे. दंतकथा सांगते की माणूस न बसवता हे यंत्र १५०० फूट उंच गेले आणि पडले, न्यायमूर्ती रानडे व सयाजीराव गायकवाड तेथे हजर होते, आणि 'केसरी'त बातमी आली. हे लिहिणारे लोक 'केसरी'च्या अंकाची तारीख देत नाहीत, पान देत नाहीत. शंभर वर्षांनंतर एकाने लिहिलेले दुसरा उतरवतो आणि उतरवता उतरवता विमान अधिक उंच जाते.

चित्रपटाने तर दंतकथेलाही मागे टाकले. दंतकथेत विमान निर्मनुष्य आहे, चित्रपटात नायक स्वतः त्यात बसून आकाशात जातो. निर्मनुष्य यंत्र उडवणे त्या काळात अशक्य नव्हते. अमेरिकेत सॅम्युअल लँगली यांनी ६ मे १८९६ रोजी वाफेच्या इंजिनावरचे निर्मनुष्य यंत्र नदीवरून अर्ध्या मैलाहून अधिक उडवले. त्याचे छायाचित्र अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी काढले, ते आजही पाहता येते. म्हणून राइट बंधूंचे श्रेय कमी झाले नाही, कारण १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांनी जे केले ते वेगळे होते. माणूस बसवून, ताबा ठेवून, १२ सेकंद आणि १२० फूट. हा फरक ज्याला कळला त्याला तळपद्यांविषयीचा अर्धा गोंधळ कळला.

उरलेला अर्धा गोंधळ 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथाचा आहे. भरद्वाज ऋषींच्या नावावर असलेला हा ग्रंथ सुब्बराय शास्त्री यांनी १९१८ ते १९२३ या काळात तोंडी सांगितला आणि लिहून घेतला गेला. म्हणजे तळपदे वारल्यानंतर. तो पुढे म्हैसूरच्या जी. आर. जोसयर यांनी १९५१ नंतर लोकांसमोर आणला. त्यातील विमानांच्या आकृती एल्लप्पा नावाच्या बंगळूरच्या एका नकाशेकाराने १९२३ च्या सुमारास काढल्या. १९७४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील एच. एस. मुकुंद आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी या ग्रंथाचा अभ्यास प्रसिद्ध केला. ते संस्कृताचे शत्रू नव्हते. त्यांनी भाषा पाहिली, छंद पाहिले, हस्तलिखितांचा मागोवा घेतला आणि मग आकृत्यांना गणित लावले. ग्रंथ विसाव्या शतकातला आहे आणि त्यातले एकही यंत्र उडण्याजोगे नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. शास्त्रीबुवांच्या मार्गदर्शनाखाली तळपद्यांनी यंत्रे बांधण्याचा यत्न केला व तो फसला, हेही त्या अभ्यासात आले आहे. १९७४ ते २०१५ ही एकेचाळीस वर्षे. एवढ्या वर्षांत हा निबंध ज्यांना वाचवला नाही त्यांनी विज्ञान काँग्रेसमध्ये व्यासपीठ मिळवले.

म्हणजे चेष्टा करणारा प्रेक्षक बरोबर होता? वस्तुस्थितीपुरता होता. पण त्याच्या हसण्याची जात तपासून पाहावी लागते. त्यातले बरेच हसणे, आपल्याच घरातला अडाणी काका पाहुण्यांसमोर काही बोलून गेला म्हणून येणाऱ्या शरमेचे होते. जगापुढे आपली शोभा झाली हे त्याचे दुःख. वेदात सर्व ज्ञान आहे या समजुतीने या देशातील बहुसंख्य माणसांचे काय केले, याचे दुःख त्यात नव्हते. भारावलेला प्रेक्षक आणि हसणारा प्रेक्षक या बाबतीत एकाच घरचे आहेत. एकाला पूर्वजांचा अभिमान वाटतो, दुसऱ्याला त्या अभिमानाची लाज वाटते. पूर्वज मात्र दोघांचे तेच.

आमच्या बाजूचे काय? काही वर्षांपूर्वी एका वसतिगृहात मुलामुलींसमवेत हा चित्रपट पाहण्याचा व नंतर चर्चेचा योग आला. बहुतेक मुले दलित, काही भटक्या-विमुक्त, काही ओबीसी. मला वाटले होते की सगळे एका आवाजात बोलतील. तसे झाले नाही. अभियांत्रिकीच्या एका मुलाला चित्रपट मनापासून आवडला होता. तो म्हणाला, "सर, वेदाचं सोडा. नापास होणारा मुलगा, घरातून हाकललेला, सगळे हसतात, तरी यंत्र करतो. मला तर माझीच गोष्ट वाटली." दुसरा म्हणाला, "कोणी का उडवलं असेना, भारतीयानं उडवलं ना?" त्यावर मागून आवाज आला, "आपल्या पणज्यानं वेद ऐकला असता तर कानात काय ओतलं असतं ते गौतम धर्मसूत्रात वाच, मग भारतीय म्हण."

पहिल्या मुलाचे म्हणणे मी सहज मोडीत काढणार नाही. हसण्याचा विषय झालेला आणि तरी हाताने काही घडवणारा माणूस त्याला पडद्यावर दिसला आणि तो त्याच्याशी जोडला गेला. चित्रपटातली ती एकच खरी नस आहे, आणि वेदांची पोथी उघडताच दिग्दर्शक ती सोडून देतो. त्यानंतर नायकाला काही शोधावे लागत नाही, फक्त अर्थ लावावा लागतो. प्रयोग करणारा माणूस पोथीचा पुजारी होतो.

परंतु सर्वांत अवघड प्रश्न एका मुलीने विचारला. ती म्हणाली, "सर, तुम्ही पुरावा, पुरावा म्हणताय. आपल्या लोकांचा तरी कागदावर पुरावा कुठं आहे? आज आपण 'केसरी'चा अंक मागतोय, उद्या ते आपल्या आजीच्या गोष्टीला तारीख मागतील." सभागृह शांत झाले. मीही घाईने उत्तर दिले नाही. तो प्रश्न घेऊनच हा लेख लिहावासा वाटला.

ज्यांना लिहू दिले नाही त्यांच्याकडे लिखित पुरावा नाही, हे खरे आहे. आपला इतिहास ओव्यांत आहे, जात्यावर आहे, गावकुसाबाहेरच्या ठिकाणांच्या नावांत आहे. ते सारे केवळ कागद नाही म्हणून खोटे ठरवणे हा प्रस्थापितांचा जुना डाव आहे. पण तळपद्यांच्या बाबतीत परिस्थिती नेमकी उलटी आहे. १८९५ च्या मुंबईत मराठी, गुजराती, इंग्रजी वृत्तपत्रे रोज निघत होती. छायाचित्रकारांची दुकाने होती. तळपदे ज्या समाजातले होते तो शिकलेला, लिहिणारा, छापणारा समाज होता. दंतकथा ज्यांना साक्षीदार म्हणून उभे करते ते रानडे आणि सयाजीराव हे मुके लोक नव्हते. लेखणी, छापखाना आणि कॅमेरा ज्यांच्या हातात होता त्यांच्या शहरात, भर चौपाटीवर, जगातली पहिली घटना घडते आणि तिची एक ओळ सापडत नाही, याचा अर्थ वेगळा होतो. ज्याचे तोंड बांधले होते त्याचे मौन आणि ज्याच्या हाती कर्णा होता त्याचे मौन, या दोहोंना एक माप लावता येत नाही.

दुसरे असे की आपली आठवण निसर्गनियम मोडून मागत नाही. पाण्याला शिवू दिले नाही, अंगणात येऊ दिले नाही, वेठबिगारीला धरून नेले, ही आठवण खरी मानण्यासाठी पाऱ्यावर चालणारे इंजिन मानावे लागत नाही. आणि जेथे आपल्याला पुरावा मिळाला तेथे आपण तो सोडला नाही. कोरेगावच्या स्तंभावर 'नाक' प्रत्यय असलेली नावे दगडात कोरलेली आहेत. तेथे जाणारी माणसे ती नावे वाचायला जातात. तेव्हा पुराव्याची अट सैल करून आपला लाभ होणार नाही. ज्याच्याकडे प्रसारयंत्रे अधिक त्याची दंतकथा अशा वेळी जिंकते, आणि ती आपली नसते. आपल्या वस्त्यांतही आता अमक्या महापुरुषाच्या नावाने चमत्कार सांगणारी भाषणे होऊ लागली आहेत. त्यांनाही तोच प्रश्न विचारला पाहिजे जो तळपद्यांच्या भक्तांना विचारतो. कालामांना बुद्धाने दिलेला उपदेश त्यांच्या विरोधकांपुरता नव्हता.

पुरावा मागणे ही या राज्यात हलकी गोष्टही राहिलेली नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात मारले. 'हवाईजादा' लागल्यानंतर सतराव्या दिवशी, १६ फेब्रुवारी २०१५ रोजी, कोल्हापुरात गोविंद पानसरे व त्यांच्या पत्नीवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि चार दिवसांनी पानसरे गेले. चित्रपटाचा त्याच्याशी कार्यकारण संबंध नाही आणि मी तो जोडत नाही. पण त्या दिवसांत वैदिक विमानाविषयी शंका काढणे म्हणजे काय होते, हे त्यावरून ध्यानात यावे.

आता त्या सालांकडे पुन्हा पाहू. वेदातून विमान निघाले म्हणतात त्या १८९५ च्या आगेमागे महाराष्ट्रात वेद कोणासाठी होते? १८९४ साली गोपाळबाबा वलंगकर सैन्यभरतीची दारे महारांना पुन्हा उघडावीत म्हणून अर्ज लिहीत होते. १८९९ साली कोल्हापुरात पंचगंगेवर छत्रपती शाहू महाराजांना त्यांचाच पुरोहित वेदोक्त मंत्र नाकारून पुराणोक्त म्हणत होता. राजाला जे कानांनी ऐकायला मिळत नव्हते ते चौपाटीवर सर्वांसमक्ष उडून दाखवले गेले, असे आपण मानायचे! वेदात काय आहे यापेक्षा वेद कोणाच्या ताब्यात आहे हा प्रश्न त्या दशकात महाराष्ट्राला खराखुरा भेडसावत होता. चित्रपटाला त्याची गंधवार्ता नाही.

आणि विमान कोणत्या ज्ञानातून निघते? राइट बंधू सायकली दुरुस्त करणारे, विकणारे होते. दोघांकडेही पदवी नव्हती. १९०१ साली त्यांनी स्वतः वाऱ्याची पेटी बनवून पंखांचे आकार एकामागून एक तपासले, कारण आधीच्या तक्त्यांतले आकडे जुळत नव्हते. त्यांचे इंजिन चार्ली टेलर या त्यांच्या दुकानातल्या कारागिराने घडवले. पुस्तकातला आकडा चुकीचा असू शकतो हे ज्याला म्हणता येते आणि ज्याचा हात लेथवर चालतो, अशा माणसांच्या दुकानातून ते विमान निघाले. आपल्याकडे या दोन गोष्टींची ताटातूट जातीने केली. प्रफुल्लचंद्र राय यांनी हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासात, विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात, हे स्पष्ट मांडले. हाताने काम करणाऱ्याला बुद्धीच्या क्षेत्रातून बाहेर काढल्यामुळे येथील शोधबुद्धी आटली, असा त्यांचा निदान होता. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'त जातीने कामकऱ्यांचीच कशी प्रतवारी लावून ठेवली ते दाखवले.

दूर कशाला जावे? ढोराचे घर पाहा. कच्चे कातडे चुन्याच्या पाण्यात किती दिवस ठेवायचे म्हणजे केस सुटतात पण कातडे कुजत नाही, बाभळीची साल किती, हिरडा किती, पावसाळ्यात काय बदलायचे, हे सारे त्याला वासावरून आणि बोटाने दाबून कळत होते. ते रसायनशास्त्रच होते. शेतीतली मोट, घोड्याचा सरंजाम, पायातली वहाण त्यावर चालत होती. पण ज्याला हे ज्ञान होते त्याला विटाळ मानले आणि ज्याला लिहिता येत होते त्याने त्या कुंडाजवळून जाताना नाकाला पदर लावला. म्हणून ते ज्ञान पोथीत गेले नाही, आणि पोथीतले ज्ञान कधी कुंडापर्यंत आले नाही. या दोहोंमधल्या भिंतीवर चित्रपट काढायला कोणी पुढे येत नाही.

याउलट परेश मोकाशी यांचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९) आठवतो. फाळके शोधक नव्हेत, पण तंत्र आत्मसात करणारा माणूस तेथे कसा दाखवला आहे ते पाहावे. तो १९१२ साली लंडनला जातो, शिकतो, यंत्र विकत आणतो, उगवणाऱ्या रोपाचे चित्रण करून हात साफ करतो. परक्याकडून शिकलो हे कबूल करताना त्या चित्रपटाला कमीपणा वाटत नाही. तारामतीच्या भूमिकेला बाई मिळत नाही तेव्हा खाणावळीतल्या साळुंक्यांचे गोरे हात कामी येतात. त्या चित्रपटावर प्रेक्षक असा दुभंगला नाही. हसला आणि समाधानाने घरी गेला. तोही अभिजनांच्याच घरातला चित्रपट आहे, पण त्यात खोटे सांगण्याची गरज कोणाला पडली नाही.

आणि तळपद्यांच्याच मुंबईत, त्यांच्याहून तीन वर्षांनी लहान, शंकर आबाजी भिसे नावाचे गृहस्थ होते. वजन करून माल देणाऱ्या यंत्राच्या आराखड्याला त्यांना लंडनच्या स्पर्धेत बक्षीस मिळाले. दादाभाई नौरोजींच्या मदतीने ते विलायतेत राहिले, छापखान्याचे खिळे झपाट्याने पाडणारे 'भिसोटाइप' बनवले, रतन टाटांनी काही काळ भांडवलही घातले. पैशाने दगा दिला, ते अमेरिकेत गेले, आणि १९३५ साली न्यूयॉर्कमध्ये वारले. त्यांच्या पेटंटांची नोंद आहे, यंत्रांच्या आकृत्या आहेत, बनले काय आणि फसले काय हे दोन्ही तपासता येते. नापास मुलाला आपली वाटावी अशी गोष्ट हीच. पण भिशांनी आपले यंत्र कोणत्याही ऋषीच्या नावावर लावले नव्हते, आणि हिंदी चित्रपटाच्या निर्मात्यांनी त्यांच्या दाराशी अजून गाडी थांबवलेली नाही.